करोल बागेच्या चुली

राजधानीत करोल बाग आज ओळखली जाते ती बाजारपेठ म्हणून. अजमल खाँ रस्त्यावर लग्नाचा बस्ता बांधायला येणाऱ्या गिऱ्हाइकाला तेथे इतिहास शोधावा असे वाटत नाही, कारण किल्ला, मकबरा, शिलालेख यांसाठी लोक दिल्लीत अन्यत्र जातात. या वस्तीचा पूर्ववृत्तान्त शोधायचा तर तो तिच्या स्वयंपाकघरांत शोधावा लागतो.

मुळात ही वस्तीच उठविलेल्यांची. नवी दिल्ली उभारताना, १९२० नंतरच्या दशकात, माधोगंज, जयसिंगपुरा, राजा का बाजार येथील रहिवासी या खडकाळ, झुडपांनी भरलेल्या माळावर आणून वसविले गेले. हकीम अजमल खाँ यांच्या तिब्बिया कॉलेजचे उद्घाटन गांधीजींच्या हस्ते १९२१ साली झाले. युनानी आणि आयुर्वेद ही दोन्ही शास्त्रे तेथे शिकविली जात. पदार्थाची ‘तासीर’ उष्ण की थंड, हा हकिमाचा प्रश्न मराठी घरातल्या आजीबाईंना मुळीच परका वाटला नसता. जामिया मिल्लिया ही संस्थाही १९२५ साली अलीगढहून येथे आली आणि सुमारे दहा वर्षे येथेच नांदली.

मग १९४७ साल उजाडले. १९४१ साली दिल्लीची लोकसंख्या ९ लाख १८ हजार होती, ती १९५१ च्या शिरगणतीत १७ लाख ४४ हजारांवर गेली. त्यांत पश्चिम पंजाब, सरहद्द प्रांत व सिंध येथून आलेले निर्वासित जवळजवळ ५ लाख. त्याच काळात लाखो मुसलमान दिल्ली सोडून गेले. सप्टेंबरच्या दंगलींत करोल बागेतील कितीतरी घरे रिकामी झाली. आलेल्या कुटुंबांपैकी काहींनी दिल्लीतली पहिली कणीक मळली ती अशाच घरांत, जेथे थोड्याच दिवसांपूर्वी दुसऱ्या कोणाची चूल पेटत होती. या वस्तीच्या खाद्यवैभवाचे गोडवे गाताना एवढे ध्यानी ठेवलेले बरे.

निर्वासितांनी आणलेल्या रीतींत मोलाची होती ती ‘सांझा चुल्हा’ची. गल्लीच्या तोंडाशी एक तंदूर तापवायचा आणि घरोघरच्या बायकांनी कणकेचे गोळे घेऊन तेथे जमायचे. जळण वाचे हे खरे. पण कोणाचा भाऊ सापडला, कोणाचे पत्र आले, याची विचारपूसही त्याच धगीपाशी होई. छोल्यांना आंबटपणा सुकविलेल्या डाळिंबदाण्यांचा आणि काळसर रंग सुक्या आवळ्याचा किंवा चहाच्या पुरचुंडीचा, हीही तिकडचीच तऱ्हा.

मराठी कानाची येथे कधी गंमतीची फसगत होते. ‘आलू-वडी’ ऐकून अळूवडीची वाट पाहावी, तर समोर येतो बटाट्याचा रस्सा आणि त्यात उडदाच्या डाळीचे मसालेदार सांडगे!

दूरदेशीचे एक उदाहरण ताडून पाहण्याजोगे आहे. १९७५ ते १९७९ या काळात पोल पॉटच्या राजवटीने कंबोडिया उद्ध्वस्त केला, आणि अनेक ख्मेर कुटुंबे अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात पोहोचली. तेथे पोटापाण्यासाठी त्यांतल्या अनेकांनी दुकाने थाटली ती डोनट या अमेरिकन गोड वड्यांची. गवती चहाचे वाटण आणि ‘प्रहोक’, म्हणजे मीठ लावून आंबविलेली मासळी, हे घरच्या जेवणासाठी राहिले. अंकोरच्या बायोन मंदिरात चुलीपाशी राबणारी माणसे कोरलेली आहेत. त्या परंपरेचा जिवंत धागा परक्या मुलखात घरच्या भांड्यांनीच जपला. करोल बागेत मात्र घरचे अन्नच दुकानात आले. ते इतके खपले की दिल्लीने त्याला आपले म्हटले, आणि त्याचे मूळ गाव विसरले गेले. तोटा म्हणावा तर तो एवढाच. पण ज्यांनी ते गाव गमावले, त्यांना तो लहान वाटला नसेल.

करोल बागेला लागूनच जुने राजेंद्रनगर आहे. निर्वासितांसाठी वसविलेल्या या भागात आता देशभरातून प्रशासकीय सेवेच्या परीक्षेची तयारी करणारे तरुण राहतात. लातूर, नगर, नांदेडकडची मुलेही त्यांत असतात. दुपारी वर्ग सुटला की ती एखाद्या गाडीपाशी उभी राहतात. फलकावर ‘पिंडी छोले’ लिहिलेले असते. मराठी मुलाच्या मनात पिंडी म्हटले की महादेवाची येते. ही पिंडी रावळपिंडीची.