काळ्या पाषाणापासून अंदमानच्या सागरतळापर्यंत

नवागामच्या जुन्या मराठी घरांतून आजही एखादे जाते किंवा पाटा-वरवंटा दृष्टीस पडतो. आपले वाडवडील जळगाव-सुरत लोहमार्गाने खानदेशातून इकडे आले, तेव्हा संसारासोबत हा काळा दगडही आला. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेल्या लाव्हारसाचाच तो अंश होय. तो अग्नी केव्हाच विझला. परंतु आपल्याच देशाच्या पूर्व टोकास, अंदमान समुद्रात, दुसरा अग्नी आजही जागा आहे.

अंदमान म्हटले की आपणांस सेल्युलर कारागृह आठवते. ते ज्या पोर्ट ब्लेअरमध्ये (२०२४ पासून श्री विजयपुरम) आहे, तेथून सुमारे १४० किलोमीटर ईशान्येस बॅरन बेट आहे. पाण्यावर दिसणारी त्याची उंची जेमतेम साडेतीनशे मीटर; उरलेला पर्वत दोन हजार मीटरांहून अधिक खोल बुडालेला आहे. म्हणजे जे बेट दिसते, ते केवळ शिखर. येथे भारतीय भूपट्ट पूर्वेकडील भूपट्टाखाली सरकतो. खोल गेलेल्या खडकांतून सुटलेल्या पाण्यामुळे वरच्या थराचा वितळणबिंदू उतरतो, शिलारस तयार होतो आणि ज्वालामुखींची कमानदार रांग उभी राहते. तिच्यातील बहुतेक पर्वत पाण्याखालीच आहेत.

या अग्नीची लिखित नोंद जुनी आहे. १७८७ मध्ये बॅरनवरील उद्रेक पाहिला गेला; १७८९ मध्ये आर्चिबाल्ड ब्लेअरने तो वर्णिला; १८८५ मध्ये भूवैज्ञानिक मॅलेट यांचा या बेटावरील प्रबंध प्रसिद्ध झाला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धानंतर ज्वालामुखी दीर्घकाळ निद्रिस्त राहिला आणि १९९१ मध्ये अकस्मात जागा झाला.

पाण्याखालचा शोध मात्र अगदी अलीकडचा. गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने (स्थापना १९६६) ध्वनिलहरींच्या साहाय्याने या तळाचे नकाशे काढले. निकोबारनजीक माथ्यावर विवर असलेला एक सागरी पर्वत आढळला. त्यावरील शोधनिबंध २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. २३ जानेवारी २०१७ रोजी याच संस्थेचे अभय मुधोळकर यांच्या नेतृत्वाखालील पथक 'सिंधु संकल्प' या नौकेवरून बॅरनजवळ तळाचे नमुने घेत असता ज्वालामुखी राख ओकू लागला. दिवसा राखेचे ढग, रात्री लाव्हारसाचे तांबडे कारंजे, असे ते दृश्य होते.

हा केवळ कुतूहलाचा विषय नव्हे. २६ डिसेंबर २००४ रोजी याच कमानीलगत ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्सुनामीने अनेक देशांत मिळून सव्वादोन लाखांच्या आसपास माणसे नेली. हिंदी महासागरात तेव्हा इशारा देणारी व्यवस्थाच नव्हती. हैदराबादेतील केंद्र ऑक्टोबर २००७ मध्ये सुरू झाले. परंतु अशा व्यवस्थेची पहिली सूचना भूकंपातून मिळते. २२ डिसेंबर २०१८ रोजी इंडोनेशियात अनाक क्राकाताऊ ज्वालामुखीचा कडा समुद्रात कोसळला. मोठा भूकंप झाला नाही, म्हणून इशाराही मिळाला नाही, आणि चारशेहून अधिक माणसे दगावली. सागरतळीच्या पर्वतांचे उतार कोठे दुबळे आहेत, हे आधीच ठाऊक असणे हाच येथे पहिला इशारा. म्हणून या नकाशांचे मोल.

अंदमान आपल्यापासून दूर आहे, असे कोणी म्हणेल. पण नोव्हेंबर १९४५ मध्ये मकरानच्या भूकंपाची लाट कच्छ आणि मुंबईच्या किनाऱ्यापर्यंत आली होती. पश्चिमेचा समुद्रही सर्वस्वी निर्धास्त नाही. आणि ऑगस्ट २००६ चा तापीचा पूर तर आपल्या डोळ्यांदेखतचा. पाणी येणार हे कळणे आणि ते किती, केव्हा येणार हे वेळेवर कळणे, यांतील अंतर किती जीवघेणे असते, हे सुरतकरांस निराळे सांगावयास नको.

घरातील जात्याकडे पाहताना म्हणूनच आम्हांस वाटते की, विझलेल्या अग्नीचा आपण संसार केला. जागत्या अग्नीची ओळख करून घेणे हे पुढच्या पिढीचे काम आहे. आपल्या मुलामुलींपैकी कोणी या विद्येकडे वळले, तर वाडवडिलांनी आणलेला तो दगड सार्थकी लागला असे आम्ही समजू.