भाकरीचा भाव

बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टची गोष्ट धान्याच्या पोत्यांपासून सुरू होते. साठच्या दशकात तालुक्याच्या जिरायती पट्ट्यात पावसाने पाठ फिरवली की माणसं जनावरं घेऊन बाहेर पडत. त्या काळात ‘कासा’ या ख्रिस्ती मदत संस्थेमार्फत परदेशातून आलेलं धान्य आणि तेल बारामतीत येत होतं. ते फुकट वाटून टाकण्यापेक्षा कामाच्या मोबदल्यात द्यावं, आणि काम म्हणून गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलाव घ्यावेत, असं ठरलं. शरद पवार आणि त्यांचे थोरले बंधू दिनकरराव ऊर्फ आप्पासाहेब पवार यांनी ही कामं उभी केली. माती खणा, बांध घाला, धान्य घेऊन जा. या कामांना पक्का आकार द्यायचा म्हणून १९७१ मध्ये ट्रस्टची स्थापना झाली. पाठोपाठ बहात्तरचा दुष्काळ आला. दुष्काळी कामांवर सुकडी खाल्लेली पिढी या भागात अजून आहे, आणि तिच्यासमोर ‘खाद्यमहोत्सव’ हा शब्द उच्चारताना थोडं अवघडायला होतं.

त्याच संस्थेने २००६ मध्ये पुण्यात भीमथडी जत्रा सुरू केली. ज्या मुलखात कधीकाळी मजुरी म्हणून धान्य द्यावं लागलं, तिथल्या बायका शहरात जाऊन भाकरी विकू लागल्या. या दोन टोकांमधला प्रवास म्हणजे या संस्थेची वाटचाल, असं माझं मत आहे. बाकी इमारती, महाविद्यालयं, ठिबकचे प्रयोग हे सगळं मोठंच आहे, पण त्याच्यावर पुष्कळ लिहून झालंय.

तरी थोडं सांगायला हवं. आप्पासाहेबांनी माळेगाव खुर्दच्या खडकाळ रानावर शेतीचे प्रयोग केले. तिथेच पुढे शारदानगर वसलं. शरद पवार आणि आप्पासाहेब यांच्या मातोश्री शारदाबाई पवार यांचं नाव त्याला आहे. स्वातंत्र्यापूर्वीच्या पुणे जिल्हा लोकल बोर्डात त्या निवडून गेल्या होत्या. बाई बोर्डाच्या बैठकीला जाते, हीच त्या काळी बातमी होती. त्यांच्याच नावाचं महिला महाविद्यालय आज तिथे आहे. १९९२ मध्ये कृषी विज्ञान केंद्र (केव्हीके) आलं. नाबार्डने बचत गट बँकांशी जोडायचा कार्यक्रम देशभर सुरू केला तोही याच साली. हा योगायोग असेल, पण पुढची सगळी कथा या दोन धाग्यांनीच विणलेली आहे. केव्हीकेच्या ताईंनी गावात जाऊन सोयाबीनचं पीठ, आवळ्याचं सरबत, पापड-लोणची शिकवायची. गटाच्या बायकांनी महिन्याला ठरलेली रक्कम जमा करून आपसांत कर्ज फिरवायचं.

कर्जाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. आजच्या बारामती तालुक्यातलं सुपे हे गाव तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं. १२ मे १८७५ रोजी तिथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खतं जाळली. इतिहासात दख्खनचा उठाव म्हणतात तो इथून पेटला. त्याच भागात सव्वाशे वर्षांनी बायका एकमेकींना शेकडा दोन रुपये व्याजाने पैसे देऊ लागल्या, आणि ते व्याज गटातच राहू लागलं. वह्या आता त्यांच्याच हातात होत्या.

पण गटाचं एक दुखणं लवकरच ध्यानात आलं. पापड झाले, मसाले झाले, विकायचे कुठे? गावात प्रत्येकीच्या घरी पापड असतातच. आठवडे बाजारात ओळखीचं माणूस भाव पाडून मागतं आणि नाही म्हणता येत नाही. आप्पासाहेबांच्या सूनबाई सुनंदा पवार गटांच्या कामात होत्या. गिऱ्हाईक गावात नाही, पुण्यात आहे, आणि ते गावाला येणार नसेल तर गावाने तिकडे जावं, या विचारातून जत्रा उभी राहिली. पुण्यात शिवाजीनगरला कृषी महाविद्यालयाचं सिंचननगरचं मैदान, डिसेंबरचे गार दिवस, आणि नाव थेट जुन्या मुलखाचं: भीमेच्या काठची भीमथडी. या मुलखाची तट्टं मराठ्यांच्या फौजेतून उत्तरेपर्यंत गेली, राज्यगीतातही त्यांचा उल्लेख आहे, आणि अलीकडे भीमथडी घोड्याला देशी जात म्हणून नोंदही मिळाली. तट्टांचं नाव घेऊन चुली पुण्याला निघाल्या.

आता चुलीजवळ जाऊ.

पुण्याच्या गिऱ्हाइकाला भाकरी डोळ्यांसमोर थापलेली हवी असते. हे ऐकायला सोपं वाटतं. ज्वारीचं पीठ दळून चार-पाच दिवस झाले की त्याची विरी जाते. मग कितीही मळा, भाकरी कडेने फाटते, परातीतून उचलताना तुटते, तव्यावर फुगत नाही. म्हणजे जत्रेच्या सगळ्या दिवसांचं पीठ एकदम दळून न्यायची सोय नाही. एक तर गावाकडून दोन खेपा करायच्या, नाही तर पुण्यात गिरणी शोधायची, आणि त्या गिरणीत आधी गहू दळलेला नसावा हे बघायचं. विरी गेलीच तर उकळत्या पाण्याचा उकाड घेऊन निभावता येतं, पण समोर रांग असताना पाणी तापायची वाट कोण बघतं? किलोभर पिठात नऊ-दहा भाकऱ्या होतात. रविवारी दुपारी गर्दी किती होईल याचा अंदाज चुकला की दोन वाजता पीठ संपतं आणि बाई हात पुसत उभी राहते. गर्दी कमी झाली तर भिजवलेलं पीठ वाया जातं. घरात दहा माणसांचा अंदाज डोळे झाकून बांधणाऱ्या बाईला हजाराचा अंदाज पहिल्या वर्षी येत नाही. तो दोन-तीन जत्रांनंतर येतो आणि मग मात्र कुठल्याही व्यवस्थापनाच्या पदवीधराला मागे टाकतो.

हुरड्याचं गणित तर याहून नाजूक. कोवळी कणसं पहाटे कापायची, ओल्या गोणपाटात गुंडाळून गाडीत घालायची, आणि त्याच दिवशी आगटीत भाजायची. दुसऱ्या दिवशी दाणा टणक होतो, गोडी उतरते. रब्बीची पेरणी पावसामुळे लांबली तर डिसेंबरात हुरडा तयारच नसतो. तारीख शहराच्या सोयीने ठरते, ज्वारी आपल्या सोयीने निसवते. आयोजकांनी आधी पेरणीचं बघावं मग हॉलचं, हे केव्हीकेच्या माणसांना सांगावं लागत नाही. शहरातल्या खाद्यमहोत्सवांच्या आयोजकांना मात्र सांगावं लागतं.

मग भावाची पाटी. इथे मी जरा थांबतो, कारण जत्रेचं खरं शिक्षण मला या पाटीत दिसतं. भाकरी-पिठल्याचं ताट केवढ्याला द्यायचं हे ठरवताना गटातल्या बायका पीठ धरतात, बेसन धरतात, तेल, कांदा, गॅस, गाडीभाडं धरतात. स्वतःची मजुरी धरत नाहीत. ‘आमचं काय, आम्ही घरचंच करतो’ असं उत्तर येतं. शेतात खुरपायला गेली तर रोज ठरलेला असतो. पाझर तलावावर माती वाहणाऱ्या तिच्या सासूच्या घमेल्यांचीसुद्धा मोजदाद होत होती आणि त्यावर धान्य मिळत होतं. चुलीपुढच्या तासांना मात्र कुणी माप लावलं नव्हतं. प्रशिक्षणात हा आकडा कागदावर मांडायला लावतात, तेव्हा ताटाचा भाव एकदम वर चढतो आणि बायका घाबरतात. एवढ्याला कोण घेईल? पुण्यात घेतात. पहिल्या दिवशी बिचकत लावलेली पाटी तिसऱ्या दिवशी ताठ उभी असते.

कायद्याची बाजू नंतर आली. अन्नसुरक्षा आणि मानके कायदा जत्रेच्याच साली, २००६ मध्ये संमत झाला, आणि त्याखालचे परवान्यांचे नियम २०११ पासून लागू झाले. त्या नियमांत वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर साधी नोंदणी पुरे, शुल्क वर्षाला १०० रुपये होतं. तात्पुरत्या स्टॉललाही ती लागते. शंभर रुपयांचा हा कागद काढताना गटातल्या कितीतरी जणींचं नाव पहिल्यांदा ‘व्यवसाय करणारी व्यक्ती’ या रकान्यात येतं. सातबाऱ्यावर नाव नाही, घराच्या उताऱ्यावर नाही, पण लोणच्याच्या बरणीवर आहे.

अशा जत्रेत स्वयंसेवक काय करतात, असं विचारलं तर बहुतेक जण ‘गर्दी सांभाळतात’ म्हणतील. खरं काम सकाळी सहाला सुरू होतं: पिण्याच्या पाण्याचा टँकर वेळेत आला का, सिलिंडर तंबूच्या कनातीपासून लांब आहेत का, खरकट्याचे पिंप कालचे रिकामे झाले का, सुट्टे पैसे कुणाकडे आहेत. मोबाइलवरून पैसे घेणं आल्यापासून सुट्ट्यांची कटकट गेली; त्याऐवजी पैसे नक्की जमा झाले का हे मावशींना वाचून दाखवायला एक पोरगी लागते. एकाच ओळीत चार स्टॉल शेवभाजीचे येऊ नयेत हे बघणं सगळ्यात अवघड. खानदेशचे मांडे, कोल्हापूरचा रस्सा, वऱ्हाडी ठेचा, कोकणातल्या घावन-आंबोळ्या, सगळ्यांना जागा हवी आणि सगळ्यांना कोपऱ्यावरचीच हवी.

ही हातोटी बारामती-इंदापूरच्या माणसांना शिकवावी लागत नाही, याचं कारण आषाढी वारीत आहे. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराजांनी १६८५ मध्ये देहूहून पालखी सोहळा सुरू केला. आज ती वाट उंडवडी गवळ्याची, बारामती, काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी अशी जाते आणि मग नीरा ओलांडून अकलूजला. काटेवाडीत धोतरांच्या पायघड्या घालतात, पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. बेलवाडीत आणि इंदापुरात घोड्याचं गोल रिंगण. फोटो या कार्यक्रमांचेच निघतात. फोटोत न येणारी गोष्ट अशी, की गावाच्या लोकसंख्येच्या कितीतरी पट माणसं एका रात्रीत जेवून पुढे जातात. कुठल्या आळीने भाकऱ्या द्यायच्या, कुणी आमटी, कुठल्या दिंडीचा तळ कुणाच्या रानात, टँकर कुठे लावायचा, हे दरवर्षी ठरतं, आणि त्याची फाइल कुठेच नसते. घराघरांतून भाकऱ्या येतात, फडक्यात बांधून, पाटीत रचून. कुणी किती दिल्या हे लिहून ठेवत नाहीत, पण कुणी दिल्या नाहीत हे सगळ्यांना माहीत असतं. बारामतीत शारदा प्रांगणात पालखी उतरते त्या रात्री हे शहर जे करतं, त्याची छोटी, नेटकी, पैसे घेऊन केलेली आवृत्ती डिसेंबरात पुण्याच्या मैदानावर दिसते. एका ठिकाणी भाकरीला भाव लावणं पाप आणि दुसऱ्या ठिकाणी न लावणं चूक. त्याच बाया दोन्हीकडे असतात आणि त्यांना यात काही विसंगती वाटत नाही.

तक्रारीही आहेत. जत्रा दीड तपाहून जुनी झाली, गाजली, आणि गाजलेल्या गोष्टीचं जे होतं ते थोडंबहुत हिचंही झालं. गर्दी शनिवार-रविवारी इतकी, की थापणारीला मान वर करायला फुरसत नसते आणि खाणाऱ्याला बसायला जागा. गिऱ्हाइकाला जे माहीत आहे तेच ते मागतं. त्यामुळे मटण-भाकरीपुढे रांग लागते आणि हुलग्याचं माडगं कोपऱ्यात वाफाळत राहतं. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं. ज्वारी-बाजरीचं जगभर कौतुक झालं, बिस्किटं निघाली, पण भरडधान्यांच्या शेजारी त्याच कोरडवाहू रानात पिकणाऱ्या हुलग्याला कुणी विचारलं नाही. माडगं आणि शेंगोळे हे सुपे, मोरगाव, उंडवडीच्या जिरायती घरांतलं थंडीतलं जेवण. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमाराला आला आणि त्याच्या खालच्या गावांत ऊस, गूळ, मग साखर कारखाने असं वैभव फिरलं. कालव्याच्या वरचा पट्टा हुलगा-मटकीवरच राहिला. बारामतीची म्हणून जी चव सांगायची, ती या वरच्या पट्ट्याची आहे. ती पुढच्या ओळीत यायला हवी.

इंदापूरचं तर जत्रेत फारसं काही उमटतच नाही, असं मला वाटतं. उजनीचं धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, भीमाकाठची गावं पाण्याखाली गेली, पळसदेवचं जुनं देऊळ पाणी ओसरलं की वर येतं. जमीन गेलेल्या आणि मुळातच नदीवर जगणाऱ्या कुटुंबांनी त्या पाण्यात जाळी टाकली. भिगवणला मासळीचे लिलाव होतात. सोलापूर रस्त्यावर तिथे चिलापी खायला पुण्याची माणसं गाड्या काढून येतात, पण ते हॉटेलांचं झालं. घरातली मासळी निराळी: तव्यावर तेल कमी, लसूण-मिरचीचा ठेचा जास्त, शेजारी ज्वारीची भाकरी, आणि वर निमगाव केतकीच्या पानमळ्यातलं पान. हे ताट पुण्याला न्यायचं तर बर्फ लागेल, गाडी लागेल, वासाची तक्रार करणारा शेजारचा स्टॉल लागेल. त्यापेक्षा ते आहे तिथेच ठेवावं. हिवाळ्यात उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी बघायला कुंभारगावला माणसं येतातच. त्यांच्यासाठी धरणाच्या काठावर दोन दिवसांची जत्रा भरवायला सिंचननगरचं मैदान लागत नाही. मासेमारी करणाऱ्या घरांतल्या बायकांचे गट, अन्नसुरक्षेची नोंदणी, पाण्याचा एक टँकर आणि पालखीच्या रात्री तळावर राबणारी पोरं एवढ्यावर ती भरेल. भाव कसा लावायचा हे सांगायला बारामतीच्या अनुभवी मावश्या तासाभराच्या अंतरावर आहेत.