गड्डा नसलेली कोबी आणि सोलापूरचा पाला

सोलापुरात 'गड्डा' म्हटले की लहान मुलालासुद्धा सिद्धेश्वराची संक्रांतीची जत्रा आठवते. पण आज मी ज्या गड्ड्याविषयी बोलणार आहे तो जत्रेचा नव्हे, कोबीचा. आणि त्याहूनही नेमके सांगायचे तर, गड्डा न धरणाऱ्या कोबीचा. अशी कोबी असते का, असे तुम्ही विचाराल. असते, आणि तीच जुनी. कोबीचे मूळ रानटी झाड युरोपच्या समुद्रकाठी खडकांवर उगवणारे. त्याला नुसती जाड, निळसर पाने. माणसाने ते घरामागे आणले, पाने खुडून खाल्ली, आणि कित्येक शतके तेवढ्यावरच भागवले. पानांना गुंडाळून गड्डा बनवण्याची किमया पुष्कळ मागाहूनची. थंड मुलखातल्या घरोघरच्या बागेत ही मोकळ्या पानांची कोबी अजून लावतात. इंग्रजीत तिला 'कोलार्ड' म्हणतात. तिचा गुण असा की हिमाचा तडाखा बसला की पाने मरत नाहीत, उलट गोड होतात. थंडीपासून बचावासाठी झाड आपल्यातल्या पिठाची साखर करते, आणि त्याचा लाभ आपल्या जिभेला होतो. आपल्या देशात काश्मिरी माणसाचा 'हाक' हा याच कुळातला.

आता गंमत पाहा. आपला 'कोबी' हा शब्द पोर्तुगीजांच्या 'कोव्ह' या शब्दावरून आला. गोव्याचे कोशकार मोन्सिन्योर सेबास्त्यांव रोदोल्फ दालगाद यांनी आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांवर 1913 साली एक मोठा ग्रंथ छापला. असे शब्द त्यांनी त्यात वेचून ठेवले आहेत. आणि पोर्तुगालच्या खेड्यात 'कोव्ह' म्हणून जी घरामागे उभी असते ती पुष्कळदा ही मोकळ्या पानांचीच, उंच दांड्याची. म्हणजे नाव आले पानाचे, आणि आपण ते चिकटवले गड्ड्याला! पानाची कोबी मात्र घाट चढून आमच्याकडे रुजली नाही.

का रुजली नाही? हवामान हे एक कारण झालेच. सोलापूरची थंडी म्हणजे पहाटेपुरती शाल. दहा वाजले की उन्हाचा चटका. पण माझ्या मते खरे कारण निराळे आहे. तिची जागा आधीच भरलेली होती. थंडीच्या दिवसांत घरच्या माणसाला हिरवे पान पुरवण्याचे जे काम तिकडे कोबीने केले, ते इकडे करडईने आणि हरभऱ्याने केले.

करडई म्हटली की आपल्याला तेलाची घाणी आठवते. जुन्या लोकांना तिच्या फुलांचा कुसुंबी रंगही आठवत असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विलायती रासायनिक रंग आले आणि तो धंदा बसला. पाल्याचे काम मात्र कोणत्याही कारखान्याला करता आले नाही. आमचा जिल्हा रब्बीचा. भाद्रपद-आश्विनातल्या पावसावर काळ्या रानात ओल मुरते आणि तिच्यावर शाळू उभा राहतो. शाळूच्या कडेने करडईचे तास घालीत. मोठेपणी तिला असे काटे येतात की चुकार गुरे आत शिरायला धजत नाहीत. मूळ सरळ खोल जाते, म्हणून वरची माती भेगाळली तरी झाड हिरवेच. पेरल्यापासून महिन्याच्या आत, वीतभर होऊन काटे धरण्याआधी, दाट झालेली रोपे उपटायची, म्हणजे विरळणीही झाली आणि संध्याकाळची भाजीही. लसूण, मिरची, थोडी तूरडाळ किंवा शेंगदाण्याचे कूट. वर शाळूची भाकरी. यापेक्षा जास्त काही सांगायला नको.

हरभऱ्याची रीत याहून चतुर. कोवळे शेंडे खुडले की झाडाला फांद्या जास्त फुटतात, म्हणून खुडणे हे चोरून खाणे नव्हे, ती मशागतच आहे. पानांवर जी आंब धरते तिने बोटे चुरचुरतात. पूर्वी रात्री हरभऱ्यावर स्वच्छ फडके पसरून ठेवीत आणि पहाटे दवासकट पिळून ती आंब बाटलीत भरीत. पोट दुखले की दोन थेंब. उरलेला पाला वाळवून मडक्यात. चैत्र-वैशाखात रानात हिरवे पान मिळेनासे झाले की ते मडके उघडायचे.

इथवर गोष्ट सुखाची झाली. पण पाल्याचा इतिहास हा भुकेचाही इतिहास आहे, आणि तो आमच्या जिल्ह्याने अंगावर सोसला आहे. 1876 ते 1878 चा दुष्काळ मुंबई इलाख्यात ज्या जिल्ह्यांना सर्वांत जाचला त्यांत सोलापूर होते. सर रिचर्ड टेंपल यांनी 1877 च्या जानेवारीत दुष्काळी कामावरची मजुरी सुमारे एक पौंड धान्याची किंमत आणि वर थोडी रोकड एवढ्यावर आणली. दख्खनमधल्या मजुरांनी त्यापायी कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. मद्रासकडे डॉक्टर कॉर्निश यांनी उघड हरकत घेतली. त्यांचे म्हणणे केवळ वजनाबद्दल नव्हते. डाळ नाही, भाजी नाही, तर नुसत्या दाण्यावर कष्टकरी माणूस टिकत नाही असे ते सांगत होते. आमच्या आजीबाईंना हे कोणी शिकवावे लागले नसते! पण पाऊसच नाही तिथे शेत कुठले आणि करडई कुठली? मग लोक रानात गेले. तांदुळजा, घोळ, कुर्डू आणि त्याहूनही पलीकडचे काय काय. पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ जी. ए. गॅमी यांनी इलाख्यातल्या लोकांनी दुष्काळात खाल्लेल्या वनस्पतींवर 1902 साली एक टिपण प्रसिद्ध केले. ते शास्त्रज्ञांसाठी लिहिलेले आहे. पण त्यातल्या एकेका नावामागे एकेक उपाशी घर उभे आहे हे वाचताना विसरता येत नाही.

पाल्याला गरिबाचे खाणे समजण्याची आपली खोड इथूनच आली असेल काय? अमेरिकेच्या दक्षिण भागातही हेच घडले. गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी माणसांनी मळ्यांच्या कडेला मिळालेल्या चिमूटभर जमिनीत ही कोबी लावली, तिच्यावर मुले वाढवली. पण त्यांनी ती पुढे लाजेने टाकली नाही. आजही त्यांच्या घरी सणाच्या ताटात ती असते.

आमच्या शहराची गोष्ट आणखी वेगळी. 1860 मध्ये रेल्वे आली, 1877 च्या सुमारास मुरारजी गोकुळदासांची गिरणी सुरू झाली, आणि तेलंगणातून पद्मशाली विणकर कुटुंबे येत राहिली. त्यांनी माग आणले तसे बीही आणले. आपली अंबाडी त्यांची पुंटीकूर. चुका तर दोन्ही भाषांत जवळजवळ एकाच नावाने नांदतो. मागाच्या खोलीबाहेर, मोरीच्या पाण्यावर, फुटक्या घमेल्यात वाढलेली लाल देठाची अंबाडी ज्याने पाहिली त्याला परसबागेसाठी वाडा लागतो असे वाटणार नाही.

कोरडवाहू शेतीचे शास्त्रही याच मातीत वाढले. 1933 च्या सुमारास सोलापुरात कोरडवाहू संशोधन केंद्र निघाले, ना. वि. कानिटकरांसारख्यांनी ओल राखण्याच्या रीती मोजूनमापून ठरवल्या. पुढे करडईच्या देशव्यापी संशोधनाचेही सोलापूर हे ठाणे झाले; 'भीमा' हे नावाजलेले वाण इथले. आणि तरीही करडई हटली. 1980 मध्ये उजनी धरण पुरे झाले, कालव्याचे पाणी आले, पाठोपाठ ऊस आला. काटेरी पीक कापायला मजूर मिळेना, तेलाला भाव मिळेना. 1980 च्या दशकाच्या अखेरीस देशात करडईखाली दहा लाख हेक्टरांच्या आसपास जमीन होती. 2020 पर्यंत ती एक लाखाच्याही खाली उतरली. पाण्याला दोष देणारा मी नव्हे. ज्याच्या आजोबांनी दुष्काळी कामावर खडी फोडली त्याने ऊस लावला तर त्याला नावे कोणी ठेवावीत? मात्र तास गेले तसा विरळणीचा पालाही गेला, आणि भाजीबाजारात करडईची जुडी शोधावी लागू लागली.

तुमच्याकडे चार हात जागा असेल, नाहीतर गच्चीवर एखादे पसरट खोके, तर आश्विनात मूठभर करडई दाट फेका. पक्ष्यांना दाणे आवडतात, म्हणून वर माती ओढा. भांडी विसळलेले पाणी चालते, साबणाचे नको. पंधरा दिवसांनी दुसरी मूठ, मग तिसरी, म्हणजे संक्रांतीपर्यंत खंड पडत नाही. बोटाला पहिला काटा टोचला की उपटणे थांबवा आणि चार झाडे तशीच राहू द्या. माघ-फाल्गुनात त्यांना केशरी फुले येतील, आणि पुढच्या वर्षाचे बी घरचेच होईल.