ख्रिस्तपुराणाच्या चार शताब्द्या

ग्रंथ आणि ग्रंथकार यांच्या शताब्द्या साजऱ्या करण्याची प्रथा आपल्याकडे आता चांगली रुजली आहे. सभा भरते, तसबिरीला हार घातला जातो, अध्यक्षांचे भाषण होते, क्वचित एखादी स्मरणिकाही निघते. हे सारे योग्यच आहे. तथापि ज्या ग्रंथामुळे एखाद्या पुरुषाचे स्मरण करावयाचे, तो ग्रंथ त्या निमित्ताने किती जणांनी उघडला, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. शताब्दी हे वाचनाचे निमित्त व्हावे, एवढेच मला आज श्रोत्यांपुढे मांडावयाचे आहे. उदाहरणादाखल मी फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण घेतो.

२०१६ साली जगभर शेक्सपिअर आणि सर्व्हांटिस यांच्या मृत्यूला चारशे वर्षे झाल्याचे स्मरण करण्यात आले. त्या दोघांचे देहावसान झाले त्याच १६१६ साली, गोव्यातील साष्टी प्रांतात राचोल येथे, मराठी ओवीत रचलेला एक प्रचंड ग्रंथ छापून बाहेर पडला होता. तेच हे ख्रिस्तपुराण. त्याचा कर्ता इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात जन्मलेला एक जेझुइट धर्मगुरू. हे स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले आणि १६१९ साली तेथेच त्यांचे निधन झाले. चाळीस वर्षांच्या या वास्तव्यात त्यांनी येथील लोकांची भाषा नुसती शिकून घेतली नाही, तर ती आपलीशी केली. त्यांचे कोकणी भाषेचे व्याकरण त्यांच्या पश्चात १६४० साली छापले गेले. भारतीय भाषेचे पहिले मुद्रित व्याकरण म्हणून त्याची गणना होते.

हा ग्रंथ का लिहिला गेला, याची हकीकत ग्रंथाच्या आरंभीच आली आहे. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वेळी नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो की, आमची पूर्वीची पुराणे आपण बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण आम्हांला का देत नाही? या प्रश्नामागचा इतिहास कटू आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. साष्टीतील देवळे १५६७ साली पाडण्यात आली होती. जुने ग्रंथ बाळगणे व वाचणे यांवर बंदी होती. ज्यांच्या कानांना पिढ्यान् पिढ्या पुराणश्रवणाची सवय, त्यांच्यापुढे एकाएकी शांतता पसरली होती. ती शांतता जाणवलेला मनुष्य स्टीफन्स हा होता. त्याने पोर्तुगीज भाषेत प्रवचने रचली नाहीत; ओवी हाती घेतली. ज्या काळात पैठणास एकनाथ ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध करीत होते, त्याच काळात गोव्यात आलेला हा परदेशी मनुष्य पुढे त्याच ओवीच्या वळणावर आदामापासून येशू ख्रिस्तापर्यंतची कथा सांगू लागला. पैल्या पुराणाचे ३६ अवस्वर, दुसऱ्याचे ५९. मिळून १०,९६२ ओव्या.

ग्रंथ देवनागरीत छापावा, अशी स्टीफन्स यांची इच्छा होती. १६०८ सालच्या एका पत्रात त्यांनी ती आपल्या वरिष्ठांना कळविली होती. परंतु देशी लिपीसाठी शेकडो खिळे पाडावे लागतात आणि रोमन लिपीस दोन डझनांत काम भागते, ही अडचण आड आली. ग्रंथ अखेर रोमन लिपीत छापला गेला. १६४९ व १६५४ साली त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांपैकी एकही प्रत आजवर उपलब्ध झालेली नाही.

असे असता ग्रंथ आपल्यापर्यंत पोहोचला कसा? त्याच्या एकेका शताब्दीचे वर्ष घेऊन पाहिले, म्हणजे याचे उत्तर मिळते.

पहिली शताब्दी १७१६ सालची. गोव्यातील छापखाने १६७४ च्या सुमारास बंद पडले होते. १६८४ साली तर व्हाइसरॉयने फर्मान काढले की, तीन वर्षांच्या आत लोकांनी आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे. अशा काळात मराठी पुराणाचा उत्सव कोण करणार? परंतु लोक ते उतरून घेत होते. अकरा हजार ओव्या टाकाने कागदावर उतरविणे हे किती महिन्यांचे काम असेल, याची श्रोत्यांनी कल्पना करावी.

दुसरी शताब्दी १८१६ सालची. गोव्यात तेव्हाही छापखाना नव्हता. तो पुन्हा सुरू झाला १८२१ मध्ये. दरम्यान गोव्यातील अनेक ख्रिस्ती कुटुंबे दक्षिणेस कानडा प्रांतात जाऊन स्थायिक झाली होती आणि त्यांनी सामानासुमानाबरोबर पुराणाच्या पोथ्याही नेल्या होत्या. १७८४ साली टिपू सुलतानाने या समाजास श्रीरंगपट्टणास कैदेत नेले. तेथून सुटका झाली ती १७९९ मध्ये. त्या पंधरा वर्षांत पुराणातील ओव्यांनी अनेकांस धीर दिला, अशी मंगळूरकडील परंपरा आहे.

तिसऱ्या शताब्दीच्या आधी, म्हणजे १९०७ साली, मंगळूरच्या जोसेफ सालढाणा यांनी अशाच हस्तलिखितांच्या आधारे ग्रंथ पुन्हा छापला. मात्र तो रोमन लिपीत असल्यामुळे १९१६ साली सामान्य मराठी वाचकास तो बंदच होता. त्यानंतर काही वर्षांनी लंडनमधील मार्सडेन संग्रहात ख्रिस्तपुराणाची एक देवनागरी पोथी असल्याचे जस्टिन ॲबट यांनी विद्वानांच्या नजरेस आणले. संतचरित्रे इंग्रजीत नेणारे मिशनरी ते हेच. या पोथीत परकीय शब्दांच्या जागी पुष्कळ ठिकाणी संस्कृत शब्द आहेत. स्टीफन्स यांचा मूळ पाठ कोणता, हा वाद त्यामुळे आजही चालू आहे. पुढे १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी पुण्यास देवनागरी आवृत्ती प्रसिद्ध केली आणि २००९ साली फादर नेल्सन फाल्काव यांनी मराठी गद्य रूपांतरासह नवी आवृत्ती काढली. याप्रमाणे २०१६ साली चौथी शताब्दी आली तेव्हा लिपीची अडचण उरली नव्हती आणि अर्थाचीही उरली नव्हती.

पहिल्या दोन शताब्द्यांत ग्रंथाला छापखाना नव्हता, राजाश्रय नव्हता, सभा-समारंभ नव्हते. वाचणारे आणि ऐकणारे मात्र होते. आज ग्रंथ छापील मिळतो, त्यावर प्रबंध लिहिले जातात. परंतु सर्वसाधारण सुशिक्षित मराठी माणसास त्यातले काय ठाऊक असते? मराठी भाषेच्या स्तुतीच्या चार-पाच ओव्या! शिक्षक या नात्याने माझा हा नेहमीचा अनुभव आहे. भाषेचा गौरव करणारे ते वेचे पाठ्यपुस्तकांत येतात, समारंभांत म्हटले जातात, आणि उरलेल्या सुमारे अकरा हजार ओव्या कपाटात राहतात. परदेशी मनुष्याने आपल्या भाषेची वाखाणणी केली याचा आपणांस आनंद होतो. त्या भाषेत त्याने पुढे काय सांगितले, हे ऐकण्यास आपण थांबत नाही.

आणखी एक अडचण आपणच निर्माण केली आहे. हिंदू वाचक ‘हा ख्रिस्ती लोकांचा धर्मग्रंथ’ म्हणून तो बाजूस ठेवतो. ख्रिस्ती वाचकास ही जुनी मराठी परकी वाटते. पुढे मराठी-कोकणीचा वाद उभा राहून, ग्रंथ नेमका कोणाचा यावर भाषणे होतात. वस्तुतः हा ग्रंथ दोघांनी शेजारी बसून वाचावा असा आहे. ओवीची चाल, उपमांची रीत, पुराणिकाची सांगण्याची ढब एकाला परिचयाची. जलप्रलय, मोशे, बेथलेहेम या कथा दुसऱ्याला परिचयाच्या. एकाचे अडेल तेथे दुसरा सांगू शकेल.

वाचनाचा हिशेबही फार भारी नाही. दिवसास तीस ओव्या वाचल्या, तर एका वर्षात ग्रंथ पुरा होतो. आठवड्यास दोन अवस्वर घेतले, तरी अठ्ठेचाळीस आठवड्यांत समाप्ती होते. एखाद्या ग्रंथालयाने संध्याकाळी वाचनमंडळ चालवावे, मोठ्याने वाचावे. कारण हा ग्रंथ मुळात कानांसाठी रचलेला आहे. स्टीफन्स यांच्या व्याकरणाची चतुःशताब्दी २०४० साली येईल. तिचा समारंभ होईल तेव्हा होवो. त्या दिवशी व्यासपीठावर बसणाऱ्यांनी आणि समोर ऐकणाऱ्यांनी निदान एकदा तरी ख्रिस्तपुराण आरंभापासून अखेरपर्यंत वाचलेले असावे. त्यासाठी हातात पुष्कळ वर्षे आहेत. काम मात्र एकाच वर्षाचे आहे.