होस्टएपीडी

होस्टएपीडी ही लिनक्स संगणकाला वाय-फाय ॲक्सेस पॉइंट बनवणारी मुक्त स्रोत आज्ञावली आहे. योउनी मालिनेन हे तिचे मूळ विकासक होत.

मांडणी

संगणकातील वाय-फाय कार्डाला ॲक्सेस पॉइंट म्हणून काम करण्याची सोय असावी लागते. नेटवर्कचे नाव, वाहिनी, पासवर्ड व देशाचा संकेत मांडणीच्या फाइलमध्ये लिहितात. होस्टएपीडी जोडणी व सुरक्षा सांभाळते. आयपी पत्ते देण्याचे काम घरातील राउटर किंवा डीएनएसमास्क ही आज्ञावली करते. पासवर्ड न ठेवल्यास शेजारपाजारचे कोणीही नेटवर्क वापरू शकते.

भारतातील नियम

भारतात २.४ गिगाहर्ट्झ पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला. ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील सवलत २०१८ मध्ये वाढवण्यात आली. देशाचा संकेत ‘आयएन’ ठेवल्यास लिनक्स भारतीय नियमांनुसार वाहिन्या व प्रक्षेपणशक्ती मर्यादित ठेवते.