धुरीणाच्या हातातील फडके

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी टपालाचे विमान कराचीहून जुहूस स्वतः चालवीत आणले. पुढे एअर इंडियाचे अध्यक्ष असताना धुळीने माखलेले काउंटर दिसताच त्यांनी ते आपल्या हातांनी पुसले. नोकरवर्गाला त्याहून निराळा हुकूम कशास हवा?

आज धुळीहून धुराची चिंता मोठी आहे. उतरल्यावर एक इंजिन बंद ठेवून विमान थांब्याकडे नेले, तर इंधन वाचते, धूरही घटतो. पण ते ठरवितो वैमानिक. २०१४ साली व्हर्जिन अटलांटिकच्या ३३५ कप्तानांना आपला इंधनवापर मोजला जात आहे एवढे कळले, आणि काटकसर वाढली. वरिष्ठांचे लक्ष आहे, ही जाणीवच कामी आली. मात्र नुसता मोजणारा धनी पहारेकरी ठरतो. फडके हाती घेणारा धुरीण होतो.