बाप, लेक आणि गिटार

'क्वीन' या ब्रिटिश बँडचा गिटारवाला ब्रायन मे रॉक ऐकणाऱ्यांना माहीत असतोच. (आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला फ्रेडी मर्क्युरी याच बँडचा!) पण मे च्या हातातली ती लालसर गिटार कुठल्याही कंपनीची नाही, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. 'रेड स्पेशल' त्याने आणि त्याच्या वडिलांनी घरी बनवली.

गोष्ट १९६३ सालची. ब्रायन १६ वर्षांचा. फेंडरची गिटार हवी, पण तेवढे पैसे नाहीत. वडील हॅरॉल्ड मे सरकारी विमान खात्यात इलेक्ट्रॉनिक्स ड्राफ्ट्समन. घरचा रेडिओ आणि टीव्हीसुद्धा त्यांनीच बनवलेला. मग काय, बापलेक कामाला लागले आणि पुढे दोनेक वर्षं खपत राहिले.

सामान बघा. गिटारची मान शंभराहून अधिक वर्षं जुन्या फायरप्लेसच्या महोगनी चौकटीतून कोरलेली. किडीने पाडलेली भोकं आगकाड्या भरून बुजवली. आतला मुख्य ठोकळा जुन्या ओकच्या टेबलाचा. मानेवरचे ठिपके म्हणजे आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं.

याला नुसता जुगाड म्हणून सोडून देऊ नका. खरं इंजिनियरिंग पुढेच आहे. ट्रेमोलोचा दांडा दाबला की सगळ्या तारा सैल होतात आणि सूर खाली येतो. सोडल्यावर तो अचूक जागेवर यायला हवा, पण घर्षणामुळे येत नाही. म्हणून यांनी ट्रेमोलो सुरीसारख्या धारेवर टेकवला, तराजूच्या दांडीसारखा. तारांचा ताण पेलायला १९२८ च्या पँथर मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा लावल्या. दांडा सायकलच्या सीटमागे पिशवी अडकवायचा, टोकाला आईच्या विणकामाच्या सुईचा तुकडा!

ब्रायनने पिकअपही आधी हाताने बनवले होते. पण तार ओढून सूर वाकवला की विचित्र आवाज यायचा, म्हणून ते काढून बर्न्स कंपनीचे तीन विकत आणले. प्रत्येकाला दोन बटणं: एक चालू-बंद करायला, दुसरं फेज उलटा करायला. दोन पिकअप उलट्या फेजमध्ये जोडले की आवाजातला काही भाग एकमेकांना खोडतो आणि वेगळाच सूर उरतो.

इथपर्यंत सगळं छान. पण १९७४ च्या सुमारास ब्रायनने लंडनच्या इंपिरियल कॉलेजमधली खगोलशास्त्राची पीएचडी अर्धवट सोडून बँडच धरला, आणि वडील भयंकर दुखावले. बापलेकात बराच काळ अबोला होता. म्हणजे बघा, ज्याने रात्री जागून हत्यार घडवून दिलं, त्यालाच मुलाने ते पोटापाण्यासाठी उचललेलं नको होतं! हौस ठीक, पण नोकरी ती नोकरी. हा संवाद आपल्यापैकी किती जणांच्या घरी झाला असेल, सांगायला नको.

पुढे ब्रायनने आईवडिलांना काँकॉर्ड विमानाने न्यूयॉर्कला नेलं, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधला कार्यक्रम दाखवायला. त्या रात्री कुठे वडिलांना पोराचं म्हणणं पटलं.

वडील १९८८ साली गेले. २००२ मध्ये ब्रायन बकिंगहॅम पॅलेसच्या गच्चीवर राष्ट्रगीत वाजवत उभा होता, तेव्हा हातात रेड स्पेशलच होती. आणि २००७ मध्ये, तीसहून अधिक वर्षांनी, त्याने ती पीएचडीसुद्धा पूर्ण केली. हे दोन्ही बघायला हॅरॉल्ड मे हवे होते, असं राहून राहून वाटतं.